दाद (नागपूरच्या गाण्याच्या कार्यक्रमांतील)

दाद : गायक गात असताना श्रोत्यांकडून त्याला तिथल्या तिथे मिळणारा प्रतिसाद. मान डोलावणे, 'वाहवा', टाळी, शिट्टी, वन्स मोअर, फर्माईश, नोट ओवाळणे आणि अलीकडे मोबाइलचा दिवा हलवणे ही सगळी तिचीच रूपे. शब्द मूळचा फार्सी, अर्थ न्याय. मराठीत दोन्ही अर्थ सुखाने नांदतात: कोर्टात दाद मागतात, मैफलीत दाद देतात. गाणे संपल्यावर रीत म्हणून वाजणाऱ्या टाळ्यांना जुने रसिक दाद मानत नाहीत. त्यांच्या लेखी खरी दाद गाणे चालू असतानाच जाते आणि पुढच्या आवर्तनात (तालाच्या फेरीत) गायक काय करणार हे थोडेफार ठरवते.

नागपूरची दाद दुभाषी आहे. 1956च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हे शहर आधी मध्य प्रांत-वऱ्हाडाची आणि मग जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते. बाजारात, कचेरीत, शेजारपाजारी हिंदी कानावर पडतच होती. त्यामुळे मराठी भावगीताला 'क्या बात है' आणि हिंदी गझलेला 'वा, मस्तच' अशी उलटसुलट दाद इथे कुणाला खटकत नाही. अस्सल नागपुरी दाद मात्र वेगळीच: 'काय गाऊन राहिला बे!' प्रमाण मराठीत 'काय गातोय' म्हटले की काम भागते. नागपूरकराला त्यात 'राहिला' लागतो आणि गाणे चालू असल्याची खूण त्या क्रियापदातच येते. ही दाद गायकाला उद्देशून नसते. ती शेजारच्या मित्राला, कोपर मारून, मंचाकडची नजर न काढता दिलेली असते. गायकापर्यंत ती पोचत नाही, पण त्या रांगेत ती सगळ्यांत प्रामाणिक असते. बायकांच्या बाजूने याच जागी नुसता 'बाप्पा!' येतो.

शास्त्रीय मैफलीतील दादेचे ठिकाण ठरलेले असते. ताना, बोलबाट, तिहाई असे करत गायक समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आला की श्रोत्यांच्या माना एकदम खाली येतात आणि तोंडून हलकेच 'आहा' निघते. सम यायच्या आधीच कुणी टाळ्या वाजवल्या तर पहिल्या रांगेतील दोनचार डोकी मागे वळतात. तो वळून पाहण्याचा प्रकार म्हणजे एका परीने शिकवणीच. नागपुरात ही शिकवणी बरीच जुनी आहे. गायक वसंतराव देशपांडे (1920–1983) जन्माने मूर्तिजापूरचे, पण वाढले नागपुरात. त्यांचे सुरुवातीचे शिक्षण शंकरराव सप्रे यांच्याकडे इथेच झाले. सिव्हिल लाइन्समधील सभागृहाला त्यांचेच नाव आहे आणि त्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ होणाऱ्या संगीत समारोहाला जाणारा एक ठरावीक वर्ग शहरात आहे. या वर्गाची दाद कमी आवाजाची. बाहेरून आलेल्या गायकाला वाटते, श्रोते थंड आहेत. तसे नसते. मध्यंतरात चहाच्या टेबलापाशी हेच लोक मघाच्या मारवा रागावर तावातावाने बोलत असतात.

गझलेची मैफल मात्र दादेशिवाय उभीच राहत नाही, आणि याचे कारण गझलेच्या रचनेत आहे. शेराची (दोन ओळींच्या कडव्याची) पहिली ओळ गायक दोनतीनदा म्हणतो. अर्थ अर्धा उघडतो, अर्धा रोखलेला राहतो. श्रोते काफियाचा (यमकाच्या शब्दाचा) अंदाज बांधू लागतात. दुसरी ओळ येते, काफियाला अनपेक्षित शब्द येतो आणि त्यामागची रदीफ (दर शेराच्या शेवटी तेच येणारे शब्द), जी मतल्यापासून (पहिल्या शेरापासून) सगळ्यांना पाठ झालेली असते, ती सभागृह गायकाच्या बरोबरीने म्हणते. म्हणजे शेराचा शेवट गायक आणि श्रोते मिळून करतात. शेर सुरू व्हायच्या आधी 'इर्शाद' (म्हणा), आवडल्यावर 'मुकर्रर' (पुन्हा) हे उर्दू शब्द मराठी गझलेबरोबर आले आणि रुळले. अमरावतीत जन्मलेले आणि नागपुरात दीर्घकाळ राहिलेले सुरेश भट (1932–2003) स्वतःच्या गझला मैफलींत सादर करत. 'मुकर्रर' म्हणायचे कधी आणि गप्प बसायचे कधी, हे विदर्भातील एका पिढीने अशा मैफलींत बसून आत्मसात केले. रेशीमबागेतील 2017मध्ये सुरू झालेल्या मोठ्या सभागृहाला भटांचे नाव आहे. एवढ्या मोठ्या सभागृहात गझल गाणे अवघड जाते ही गोष्ट वेगळी: मागच्या रांगेतील 'वा' मंचापर्यंत येईस्तोवर पुढचा शेर सुरू झालेला असतो.

'वन्स मोअर' हा शब्द इंग्रजी, पण वाढला मराठी संगीत नाटकात. बालगंधर्वांच्या (1888–1967) काळात पदामागून पदाला वन्स मोअर पडत आणि नाटक पहाटेपर्यंत लांबे. मराठीत त्याचे नामच झाले: वन्स मोअर 'मिळतो', 'घेतला' जातो, 'पडतो'. खरा वन्स मोअर तेच पद पुन्हा ऐकण्यासाठी असे, आणि चांगला नट दुसऱ्या खेपेला ते तसेच म्हणत नसे. त्यातल्या जागा, म्हणजे स्वरांची वळणे, बदलून म्हणे. आज नागपूरच्या मैदानांवर जो वन्स मोअर ऐकू येतो त्याचा अर्थ 'आणखी एक गाणे' इतकाच उरला आहे. गाण्यांचा क्रम, दिवे, पडद्यावरची चित्रे हे सगळे आधीच बांधलेले असल्यामुळे तेच गाणे परत घेणे वाद्यवृंदाला बहुधा परवडत नाही. मागणीही तशी नसते.

मैदानावरची दाद हा नागपूरच्या हिवाळ्याचा विषय. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, पावसाळ्यात मैदानात चिखल, त्यामुळे मोठे कार्यक्रम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच उरकतात. विधिमंडळाचे अधिवेशनही त्याच सुमारास शहरात भरते. 2017पासून भरणाऱ्या खासदार सांस्कृतिक महोत्सवात हनुमाननगरजवळच्या ईश्वर देशमुख महाविद्यालयाच्या मैदानावर देशातले नावाजलेले पार्श्वगायक येऊन गेले आहेत. अशा मोफत पासच्या कार्यक्रमात मैदानाचे दोन देश होतात. पुढे सोफे आणि खुर्च्या, मागे बांबूच्या कठड्याला टेकून उभे राहिलेले. गायकाला जवळून दिसतात ते सोफे; तिथली मंडळी उशिरा येतात, हात मिळवतात, दोन गाण्यांनंतर पुढच्या कार्यक्रमाला निघतात. गाणे पाठ असते ते कठड्यामागे. अनुभवी गायक हे पहिल्या दहा मिनिटांत ओळखतो आणि 'पीछे वाले' म्हणून हाक घालतो. त्यासरशी जो गलका उठतो तो अंशतः गाण्याला आणि अंशतः सोफ्यांवर घेतलेला सूड असतो.

या गर्दीला तालात टाळ्या वाजवायला लावणे दिसते तितके सोपे नाही. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. मंचापासून 100 मीटरवर उभ्या माणसाला मंचावरच्या कर्ण्यांतून ठेका सुमारे 0.3 सेकंद उशिरा ऐकू येतो. त्यावर त्याने बरोबर टाळी दिली तरी ती मंचावर परत पोचायला आणखी तितकाच वेळ लागतो. द्रुत (जलद) केरवा तालात एवढ्या अवधीत एक मात्रा सहज निघून जाते. म्हणून मंचावर मागची टाळी लय ओढते आहे असे वाटते आणि तबलजी, ढोलकीवाले तिच्याकडे कान न देता एकमेकांकडे बघत वाजवतात. श्रोत्यांचा यात काही दोष नाही.

मोबाइलने हातांची कामे बदलली. दिवे लावून हात डोलवण्याचे दृश्य मंचावरून देखणे दिसत असेल, पण एक हात फोनला अडकला की टाळी वाजत नाही. आवडते गाणे सुरू होताच पूर्वी आरोळी उठे आणि मुखडा संपेपर्यंत टिके. आता आरोळी उठते आणि लगेच विरते, कारण सगळे चित्रण करत असतात आणि आपलाच आवाज चित्रफितीत येऊ नये याची काळजी घेतात. चिठ्ठीची फर्माईशही कमी झाली. कार्यक्रमपत्रिकेचा कोपरा फाडून त्यावर गाण्याचे नाव लिहायचे, घडी घालून पुढच्याला द्यायची, त्याने वाचून 'हे कशाला, ते दुसरे मागा ना' म्हणत पुढे सरकवायची, असा तिचा प्रवास असे. निवेदकाच्या हाती पोचेस्तोवर तिच्यावर दोनतीन अक्षरांत वेगवेगळी गाणी चढलेली असत.

भीमगीतांच्या कार्यक्रमातली दाद याहून साफ वेगळी आणि नागपूरपुरते बोलायचे तर सर्वांत जिवंत. 14 ऑक्टोबर 1956च्या धम्मदीक्षेनंतर दीक्षाभूमीमुळे हे शहर आंबेडकरी गाण्याचेही केंद्र झाले. जयंतीच्या आदल्या रात्री, 13 एप्रिलला, आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास वस्त्यावस्त्यांत मंच पडतात. इथे दाद म्हणजे उठून मंचावर जाणे. दहा, पन्नास, शंभराची नोट गायकाच्या हातात किंवा पेटीवर ठेवायची, 'जय भीम' म्हणायचे आणि उतरायचे. दोन कडव्यांच्या मधे गायक चाल न मोडता देणाऱ्याचे नाव, वस्ती आणि रक्कम सांगतो. ते नाव तालात बसवण्यात त्याचे कसब दिसते. लोककवी वामनदादा कर्डक (1922–2004) यांच्या रचना ऐकत मोठे झालेले श्रोते एखादी ओळ चुकली तर खालून दुरुस्तही करतात, आणि गायक ती दुरुस्ती मानाने घेतो. ताजबागेत ताजुद्दीन बाबांच्या उर्सातील कव्वालीतही नोटा पडतात, पण तिथे तो नजराणा. दाद कव्वालाला असते आणि नजर दर्ग्याकडे. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या दोन रिती एकाच नावाखाली मोजणे योग्य नाही.

2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. वर्षातील मोजक्या दिवशी राज्य शासन ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. बंद सभागृहांना सूट आहे. या नियमाने दादेचे वेळापत्रक बदलले. पूर्वी भैरवी, म्हणजे मैफलीचे शेवटचे गाणे, सुरू झाली की लोक समजत आणि सावरून बसत. भैरवीला वन्स मोअर मागायचा नाही हा संकेत होता. आता मैदानावर पावणेदहा वाजले की घड्याळे बघितली जातात, गायक लागोपाठ तीन गाण्यांचे नुसते मुखडे घेतो आणि सगळ्यांत मोठा जल्लोष नेमका या घाईला मिळतो. शेजारच्या वस्तीतील आजारी माणसाच्या आणि परीक्षेला बसलेल्या मुलाच्या बाजूने पाहिले तर नियमाविरुद्ध बोलायला जागा नाही.

नापसंती दाखवण्याची नागपुरी रीत मुकी आहे. हुर्यो उडवणे क्वचित. लोक चहाला उठतात. स्वेटर खुर्चीवर ठेवून गेले असतील तर परत येणार. हिवाळ्यातल्या अशा रात्री आयोजक मंचाच्या बाजूने माणसे मोजत नाहीत, स्वेटर मोजतात.