लिव्हरमध्ये रेडिएशन दिलं म्हणजे पेशंट घरच्यांना धोकादायक होतो का?

कित्येक वर्षं हे ऐकतोय, लिव्हर कॅन्सरवर आतून रेडिएशन दिलं की पेशंटला महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा, ताटवाटी वेगळी करा, पोरांना जवळ जाऊ देऊ नका. हे चुकीचं आहे आणि यात आधीच घाबरलेला माणूस एकटा पडतो, त्याचं फार वाईट वाटतं.

यात यिट्रियम-९० (किरणोत्सर्गी पदार्थ) असलेले केसापेक्षा बारीक मणी मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून नळी घालून लिव्हरच्या धमनीत सोडतात. गंमत अशी की निरोगी लिव्हरला बहुतेक रक्त पोर्टल व्हेनमधून (आतड्यांकडून लिव्हरला येणारी शीर) मिळतं पण गाठ मुख्यतः धमनीवर जगते, म्हणून मणी जास्त करून गाठीतच जाऊन अडकतात आणि तिथेच राहतात. त्यातून निघणारे बीटा किरण शरीरात सरासरी अडीच मिलिमीटर आणि जास्तीत जास्त ११ मिलिमीटरच जातात. बाहेर येतं ते अगदी थोडं. दर ६४ तासांनी ताकद निम्मी होते, म्हणजे ११ दिवसांत ९० टक्क्यांहून जास्त संपलेली असते.

काळजी घ्यायचीच नाही असं नाही हं. सुरुवातीचे काही दिवस गरोदर बाई आणि लहान मुलांना खूप वेळ चिकटून बसू देऊ नका, बाथरूमनंतर हात नीट धुवा, नेमके किती दिवस ते डॉक्टर सांगतील. पण एकत्र जेवा, हात हातात घ्या, गप्पा मारा.