बेळगावचे अपार्टमेंट, कोल्हापूरचे बायलॉज

टिळकवाडी, भाग्यनगर, शहापूर किंवा निपाणीत एखाद्या अपार्टमेंटचे बायलॉज बदलायचे ठरले, की कुणीतरी कोल्हापूर-पुण्याच्या नातेवाइकाकडून महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी मागवतो. मजकूर मराठीत असतो आणि पार्किंग, मेंटेनन्स, भाडेकरू हे विषयही तेच असतात. म्हणून दोन-चार कलमे उचलून ठराव केला जातो. पुढे थकबाकीचा वाद वकिलाकडे गेला, की त्या ठरावाला कायद्याचा आधारच नाही हे उघड होते.

ही सवय समजण्यासारखी आहे, कारण या भागाच्या अंगात सहकार मुरलेला आहे. 1904 च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर पुढच्याच वर्षी तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातल्या कणगिनहाळला पतसंस्था उभी राहिली. 1915 मध्ये मुंबईत गावदेवीला सारस्वतांची गृहनिर्माण संस्था निघाली. 1925 चा मुंबई सहकारी संस्था कायदा बेळगावलाही लागू होता. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि तिथून वाटा फुटल्या. इकडे 1959 चा सहकार कायदा आला, तिकडे महाराष्ट्राने 1960 मध्ये स्वतःचा केला. महाराष्ट्रात गृहनिर्माण संस्था म्हणजे इमारतीची मालक आणि कारभारीण. कर्नाटकात त्याच नावाची संस्था बहुतेक वेळा जमीन घेऊन प्लॉट पाडणारी असते. ‘एक सभासद, एक मत’ हे मात्र पतसंस्थेपासून साखर कारखान्यापर्यंत सगळीकडे पाहिलेले असल्याने अपार्टमेंटमध्येही तेच चालते असे लोक गृहीत धरतात.

अपार्टमेंटचा कायदा दुसऱ्या घराण्यातला आहे. प्वेर्तो रिकोने 1958 मध्ये मजल्यांच्या स्वतंत्र मालकीचा कायदा केला. 1961 मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय गृहकायद्याने अशा घरांच्या कर्जाला विमा दिला आणि पुढच्या वर्षी तिथल्या राज्यांसाठी नमुना कायदा निघाला. डिक्लरेशन (इमारत या कायद्याखाली आणणारा, प्रत्येक फ्लॅटचा हिस्सा सांगणारा दस्त), बोर्ड ऑफ मॅनेजर्स, सामाईक जागेतला अविभाज्य हिस्सा ही त्या कायद्यांची शब्दयोजना महाराष्ट्राच्या 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्यात दिसते आणि कर्नाटकच्या 1972 च्या कायद्यातही. म्हणजे शेजाऱ्याकडून काही मागवायचेच, तर 1970 च्या कायद्याखालचे मागवावे. आपण नेमके सहकारी संस्थेचे मागवतो!

कर्नाटकच्या 1972 च्या कायद्यात मताचे वजन फ्लॅटच्या हिश्श्यावर ठरते. साधे बहुमत म्हणजे डिक्लरेशनमध्ये दिलेल्या टक्केवारीनुसार 51 टक्के किंवा जास्त मते. बायलॉज बदलायला किती मते लागतात ते बायलॉजमध्येच लिहिलेले असावे लागते. नमुन्यावरून केलेल्या बायलॉजमध्ये ही अट सहसा सगळ्या फ्लॅटच्या एकूण मूल्याच्या 75 टक्क्यांची असते. समजा, 24 फ्लॅट आहेत: 16 नऊशे चौरस फुटांचे आणि 8 साडेतेराशेचे. मूल्य क्षेत्रफळाच्या प्रमाणात धरले तर एकूण 25,200, त्याचे 75 टक्के 18,900. सगळे 16 लहान आणि 2 मोठे फ्लॅट बाजूने आले तर डोकी 18, म्हणजे बरोबर तीन चतुर्थांश, पण वजन फक्त 17,100, जेमतेम 68 टक्के. ठराव पडला. उलट 8 मोठे आणि 9 लहान मिळून 17 च जण असले तरी 18,900 भरतात आणि ठराव पास. हात वर करून मोजणी केलेल्या सभेचे इतिवृत्त म्हणूनच उपयोगाचे नसते. प्रत्येक सहीसमोर फ्लॅट क्रमांक आणि टक्केवारी हवी. बिल्डरकडे न विकलेले फ्लॅट असतील तर त्यांची टक्केवारीही एकूण बेरजेत येते, हे बरेचदा ऐनवेळी लक्षात येते.

मालक गोवा, पुणे किंवा आखातात असले की प्रतिनिधीमार्फत मत देण्याचा प्रश्न येतो. काही बायलॉजमध्ये मत स्वतः हजर राहूनच द्यायची अट असते. तिथे व्हॉट्सअपवरचा होकार तर सोडाच, लेखी अधिकारपत्रही चालत नाही. सभा मे महिन्याच्या सुट्टीत किंवा गणपतीत ठेवणे हाच व्यवहारी उपाय.

मते मिळाली तरी काम अर्धेच झालेले असते. कलम 16 प्रमाणे बायलॉज हे डिक्लरेशनला जोडलेले असतात. बदल डिक्लरेशनच्या दुरुस्तीत उतरला, त्या दुरुस्तीची नोंद झाली आणि तिची प्रत सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाखल झाली, तरच तो वैध. त्यामुळे सुरुवात सब-रजिस्ट्रार ऑफिसातून मूळ डिक्लरेशनची प्रमाणित प्रत काढण्यापासून करावी. कधीकधी तिथेच कळते, की बिल्डरने डिक्लरेशन कधी नोंदवलेच नाही आणि मालकांची असोसिएशन फक्त कर्नाटकच्या 1960 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आहे. मग दुरुस्तीचा रस्ता वेगळा, आणि खरे काम आधी डिक्लरेशन करून घेण्याचे.

भाषेचा मुद्दा इथे टळत नाही. 1908 च्या नोंदणी कायद्याचे कलम 19 सांगते, की अधिकाऱ्याला न समजणारी आणि जिल्ह्यात सर्रास न वापरली जाणारी भाषा असेल तर दस्तासोबत भाषांतर द्यावे. बेळगाव जिल्ह्यात मराठी सर्रास वापरली जात नाही, असे कोण म्हणेल? पण तो वाद काउंटरवर घालून दस्त पुढे सरकत नाही. इतिवृत्त मराठीत ठेवा, दुरुस्तीचा दस्त कन्नडमध्ये करा, आणि दोन्हींतले कलमांचे क्रमांक जुळवून घ्या.

काही गोष्टी 75 टक्क्यांनीही बदलत नाहीत. सामाईक जागेतला हिस्सा बदलायला 1972 च्या कायद्याच्या कलम 6 नुसार सगळ्या मालकांची संमती आणि नोंदवलेले सुधारित डिक्लरेशन लागते. कलम 10 प्रमाणे सामाईक खर्च हिश्श्याच्या टक्केवारीने वाटायचा असतो. महाराष्ट्राच्या उपविधींमध्ये सेवाशुल्क सगळ्यांना सारखे असते. ते कलम जसेच्या तसे उचलले, की मोठ्या फ्लॅटवाल्याचा फायदा आणि लहान फ्लॅटवाल्याच्या हाती आयती हरकत. सीमाभागातल्या उसन्या बायलॉजमधली सर्वांत महागात पडणारी ओळ हीच.

2016 च्या रेरा कायद्याने असोसिएशन उभी करण्यासाठी बिल्डरवर जबाबदारी टाकली आणि ती स्थापन होताना सहभागी होणे खरेदीदाराचेही कर्तव्य ठरवले, पण बायलॉज दुरुस्तीची रीत 1972 च्या कायद्यातलीच राहिली. पूर्वी नुसत्या ठरावाने केलेले बदल असतील तर त्यांची यादी करून सगळे एकाच सभेपुढे पुन्हा मतास टाकावेत आणि एकाच दुरुस्ती दस्तात नोंदवावेत. मधल्या काळात त्या ठरावांवर आकारलेला दंड किंवा जादा मेंटेनन्स वसूल करायचा असेल, तर तो विषय वेगळा ठेवून आधी वकिलाला दाखवावा.