‘आशा’ वेगळी, ‘ब्लॅक असोसिएशन’ वेगळी

अमेरिकेतल्या वाचा-श्रवणतज्ज्ञांच्या या दोन संघटनांची नावं इतकी मिळतीजुळती आहेत की घोटाळा हमखास होतो.

अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन, म्हणजे ‘आशा’, १९२५ सालची. या व्यवसायातलं मानाचं प्रमाणपत्र तीच देते. नॅशनल ब्लॅक असोसिएशन फॉर स्पीच-लँग्वेज अँड हिअरिंग स्थापन झाली १९७८ मध्ये. तिला ‘आशा’ची शाखा समजतात, ते चूक. १९६८ मध्ये कृष्णवर्णीय सदस्यांनी गट उभारला होता, तो ‘आशा’च्या आतलाच. दहा वर्षांनंतरची संघटना मात्र स्वतंत्र. दोन्हीकडे सदस्य असणारेही आहेत.

मग वेगळी चूल कशासाठी? मला वाटतं, याचं उत्तर तपासणीच्या टेबलाशीच सापडतं. पाच वर्षांचं कृष्णवर्णीय मूल ‘बाथ’ला ‘बाफ’ म्हणतं. त्याच्या घरात, गल्लीत बरेच जण तसंच म्हणतात. गोऱ्या मध्यमवर्गाच्या इंग्रजीवर बेतलेल्या चाचणीत ती चूक ठरते आणि मुलाला वाचादोषाचा शिक्का बसतो. कृष्णवर्णीयांच्या या इंग्रजी बोलीत ‘ही (he) वर्किंग’ म्हणजे तो आत्ता काम करतोय. ‘ही बी वर्किंग’ म्हणजे तो नेहमी काम करतो. ‘करतोय’ आणि ‘करतो’ यांतला फरक आपण जसा पाळतो, तसाच हा नियम. इथे दोष कुठे आहे? आपल्याकडे ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला कुणी थेरपीला पाठवलं, तर तो जेवढा अन्याय, तेवढाच हा.

१९७९ मध्ये मिशिगनमधल्या ॲन आर्बर शहरातल्या शाळांविरुद्धच्या खटल्यात न्यायालयाने शाळांना बजावलं की मुलांची घरची बोली शिक्षकांनी ओळखायला शिकावं. १९८३ मध्ये ‘आशा’नेही जाहीर केलं की इंग्रजीची कोणतीही बोली हा वाचादोष नाही.

उलट बाजूचा धोका त्यामानाने कमी बोलला जातो, आणि मला तो तितकाच छळतो. त्याच वयाचं दुसरं मूल ‘कॅट’ला ‘टॅट’ म्हणतं. तसं त्याच्या वस्तीतलं कुणीच मोठं माणूस म्हणत नाही. ‘बोलीच तशी’ म्हणून त्याला परत पाठवलं, तर हक्काची मदत हुकते. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातले हॅरी सीमोर आणि सहकाऱ्यांनी पुढे एक चाचणी तयार केली. मूल कोणती इंग्रजी बोलतं हे ती एका भागात पाहते आणि दोषाची शक्यता दुसऱ्या भागात, वेगळी तपासते.