युद्धनौकेवरची आग आणि त्यानंतरची दुरुस्ती

लढाईत, समुद्रावर चालताना किंवा गोदीत काम चालू असताना युद्धनौकेच्या आत किंवा डेकवर लागलेली आग, आणि ती विझल्यावर जहाज वाचवायचं की भंगारात काढायचं हे ठरवून केलेली दुरुस्ती, असा दोन्हींचा विचार या नोंदीत एकत्र केलाय. व्यापारी जहाजांवरच्या आगी इथे घेतलेल्या नाहीत. त्यामुळे १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमधे फुटलेलं ‘फोर्ट स्टिकिन’ यात बसत नाही, त्यावर दारूगोळा होता तरी ते मालवाहू जहाज होतं.

लाकडी जहाजांच्या काळात आग लागली की जहाज गेलंच, दुरुस्तीचा प्रश्न फारसा यायचाच नाही. आपल्याकडचं ठळक उदाहरण विजयदुर्गचं. फेब्रुवारी १७५६ मधे ॲडमिरल वॉटसनच्या इंग्रजी आरमाराने किल्ल्यावर मारा केला तेव्हा तुळाजी आंग्र्यांच्या ताब्यातल्या ‘रिस्टोरेशन’ नावाच्या जहाजावर गोळा पडून ते पेटलं, आणि बाकीची गुराबं-गलबतं एकमेकांना बांधून जवळजवळ उभी असल्यामुळे आग पसरत जाऊन अख्खं आरमार जळालं. तारीख बहुतेक ठिकाणी १२ फेब्रुवारी दिलेली असते, काही ठिकाणी १३, पण १३ ही किल्ला पडल्याची तारीख असल्यामुळे १२ जास्त पटते. जळालेल्या जहाजांचा आकडा साधनांमधे एकसारखा मिळत नाही. मराठी लेखनात हा प्रसंग आला की चर्चा नानासाहेब पेशव्यांनी तुळाजींविरुद्ध इंग्रजांची मदत का घेतली यावरच अडकते आणि जहाजं इतकी जवळ का बांधली होती हा साधा आरमारी प्रश्न मागे राहतो.

पोलादी जहाजांच्या काळात चित्र बदललं. आता ढाचा जळत नाही, आतलं सामान जळतं: केबलचं प्लास्टिक, इन्सुलेशन, रंगाचे थरावर थर, गाद्या, हायड्रॉलिक तेल, इंधन. पोलादी भिंत आग अडवते खरी, पण उष्णता पलीकडच्या कंपार्टमेंटमधे पोचवते आणि तिथला रंग, केबल आपोआप पेट घेतात, म्हणून आग विझवताना शेजारच्या बल्कहेडवर (कंपार्टमेंटमधल्या भिंतीवर) बाहेरून पाणी मारत राहावं लागतं. ही सगळी डॅमेज कंट्रोलची (जहाजाचं नुकसान आटोक्यात ठेवण्याच्या कामाची) प्राथमिक गोष्ट आहे, प्रत्येक खलाशाला शिकवतात, इथे जास्त लिहीत नाही.

लढाईपेक्षा रिफिटमधली (गोदीतल्या मोठ्या दुरुस्तीच्या काळातली) आग जास्त घातक का ठरते हे मात्र नीट समजून घेण्यासारखं आहे. रिफिटमधे जहाज ड्राय डॉकमधे (पाणी काढून कोरड्या केलेल्या गोदीत) किंवा जेट्टीला असतं, त्याचे स्वतःचे पंप आणि फायर मेन (आग विझवायच्या पाण्याची मुख्य नळी) बंद, पाणी किनाऱ्यावरून घेतलेलं, निम्मे खलाशी घरी, आणि प्रत्येक हॅचमधून तात्पुरत्या केबल, वेल्डिंगच्या लीड, हवेचे पाइप गेलेले असल्यामुळे जे वॉटरटाइट दरवाजे बंद करून आग कोंडायची तेच बंद होत नाहीत. त्यात गॅस कटिंगच्या ठिणग्या, चिंध्या, थिनर, पुठ्ठ्याची खोकी. हॉट वर्कचं (वेल्डिंग, कटिंग अशा ठिणग्यांच्या कामाचं) परमिट आणि शेजारी बादली घेऊन उभा केलेला फायर सेंट्री हा यावरचा जुना उपाय, पण ठिणगी पलीकडच्या बाजूला पडते आणि सेंट्री अलीकडे उभा असतो.

१२ जुलै २०२० ला सॅन डिएगोच्या नौदल तळावर ‘बोनोम रिचर्ड’ या अमेरिकन उभयचर नौकेला आग लागली तेव्हा हे सगळं एकाच वेळी झालं. जेट्टीला बांधलेलं जहाज, आग खालच्या वाहनांच्या डेकवर, तिथे रिफिटचं सामान रचलेलं. चौकशी अहवालानुसार जहाजावरची ८७ टक्के फायर स्टेशनं वापरण्याजोग्या स्थितीत नव्हती आणि आग विझवायच्या फोमची यंत्रणा ज्या बटणाने सुरू करता आली असती ते बटण कुणी दाबलंच नाही. आग चार दिवसांहून जास्त चालली. एका खलाशावर आग लावल्याचा खटला भरला गेला, सप्टेंबर २०२२ मधे तो निर्दोष सुटला. नौदलाचा कल जाणूनबुजून लावलेल्या आगीकडे होता, बचाव पक्षाने लिथियम बॅटऱ्यांसारख्या दुसऱ्या शक्यता मांडल्या. निकालानंतर पहिलं मत तितक्या खात्रीने मांडता येत नाही. तसंही अहवालाचा भर आग कशी लागली यापेक्षा ती पसरू कशी दिली यावरच जास्त आहे, आणि ते योग्यच वाटतं.

पाण्याचा प्रश्न वेगळा. आग विझवायला मारलेलं पाणी वरच्या डेकवर साठतं, जहाजाचा गुरुत्वमध्य वर सरकतो, आणि काठोकाठ न भरलेलं पाणी जहाज जरा कललं की त्याच बाजूला धावतं, पाण्याने भरलेली परात उचलून चालताना होतं तसं. म्हणजे आग आटोक्यात आल्यावर खरा धोका सुरू होऊ शकतो. ९ फेब्रुवारी १९४२ ला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर ‘नॉर्मंडी’ या फ्रेंच प्रवासी जहाजाचं अमेरिकन सैन्यवाहू नौकेत रूपांतर चालू असताना (नवं नाव ‘लाफायेत’) कटिंगच्या ठिणगीने लाइफ जॅकेटांचा ढीग पेटला. आग काही तासांत आवरली, पण अग्निशमन बोटींनी ओतलेल्या पाण्याने ‘नॉर्मंडी’ त्याच रात्री उशिरा धक्क्यालाच आडवी झाली. १९४३ मधे तिला सरळ केलं, पण दुरुस्ती काही झाली नाही आणि युद्धानंतर ती भंगारात गेली.

मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डमधे २१ जुलै २०२४ च्या संध्याकाळी रिफिटमधे असलेल्या ‘आयएनएस ब्रह्मपुत्र’ला आग लागली, २२ च्या सकाळपर्यंत ती आटोक्यात आली, आणि त्या दुपारी जहाज डाव्या बाजूला कलायला लागलं ते प्रयत्न करूनही सरळ झालं नाही, जेट्टीलाच एका कुशीवर टेकलं. बेपत्ता झालेल्या एका खलाशाचा मृतदेह नंतर मिळाला. क्रम ‘नॉर्मंडी’सारखाच, फक्त जहाज लहान. कोलकात्याच्या गार्डन रीचमधे बांधलेली ही फ्रिगेट २००० सालची, म्हणजे हे तिच्या मधल्या वयातलं मोठं काम. तिची बहीण ‘बेतवा’ डिसेंबर २०१६ मधे याच डॉकयार्डमधे डॉकमधून बाहेर काढताना आडवी झाली होती. तिथे आगीचा संबंध नव्हता, पण फेब्रुवारी २०१७ मधे अमेरिकन साल्व्हेज कंपनीच्या मदतीने तिला सरळ करून पुढे सेवेत आणलं गेलं, त्यामुळे आडवं पडलेलं जहाज गेलंच असं धरायचं कारण नाही. उलट ‘विंध्यगिरी’. ती माझगाव डॉकला बांधलेली, १९८१ मधे सेवेत आलेली. ३० जानेवारी २०११ ला मुंबई बंदराच्या मार्गात ‘नॉर्डलेक’ या मालवाहू जहाजाची तिला धडक बसून आग लागली आणि ती डॉकयार्डमधे येऊन बुडाली. तिला वर काढलं, पण वय पाहता दुरुस्तीचा खर्च पटण्यासारखा नव्हता.

आता ॲल्युमिनियमचा वाद. जहाजाचा वरचा भाग हलका ठेवायला १९५० नंतर अनेक नौदलांनी सुपरस्ट्रक्चर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं केलं, आणि ‘ॲल्युमिनियम जळतं म्हणून जहाजं जळली’ असं विधान तेव्हापासून चालत आलंय. याला पुरावा म्हणून बहुतेक वेळा १९८२ च्या फॉकलंड युद्धातली ‘शेफिल्ड’ ही ब्रिटिश विनाशिका दाखवतात. पण ‘शेफिल्ड’चं सुपरस्ट्रक्चर पोलादी होतं. ॲल्युमिनियमचं होतं ते टाइप २१ वर्गातल्या ‘आर्डंट’ आणि ‘अँटेलोप’ या ब्रिटिश फ्रिगेटचं, आणि त्या दोन्ही बाँबमुळे गेल्या. ‘शेफिल्ड’वर ४ मे ला एक्सोसेट क्षेपणास्त्र आदळल्यावर फायर मेनच निकामी झाला आणि केबलच्या धुराने माणसं कंपार्टमेंटमधे जाऊ शकली नाहीत, हे जास्त महत्त्वाचं कारण मानलं पाहिजे. तिथेही एक पोटवाद आहे: क्षेपणास्त्राचा वॉरहेड (स्फोटक भाग) फुटला की नुसतं उरलेलं इंधन पेटलं? १९८२ च्या चौकशीत तो फुटला नाही असं धरलं होतं, २०१५ मधे ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाच्या फेरतपासणीत तो फुटला असा निष्कर्ष निघाला. नंतरचं मत नव्या विश्लेषणावर आधारलेलं असल्याने तेच स्वीकारावं.

मग ॲल्युमिनियम निर्दोष का? तसंही नाही. जहाजावर वापरायच्या जाडीत ते लाकडासारखं पेटत नाही हे खरं, पण २०० ते २५० अंश सेल्सिअसच्या आसपासच त्याची निम्मी ताकद जाते आणि ६०० च्या आगेमागे ते वितळतं, तर पोलादाची निम्मी ताकद जायला साधारण ५५० ते ६०० अंश लागतात. जहाजाच्या आतली आग यापेक्षा सहज वर जाते. २२ नोव्हेंबर १९७५ ला सिसिलीजवळ ‘बेल्कनॅप’ ही क्रूझर ‘जॉन एफ. केनेडी’ या विमानवाहू नौकेच्या पुढे आलेल्या फ्लाइट डेकला घासली, वरून विमानाचं इंधन सांडलं आणि तिचं सुपरस्ट्रक्चर वितळून डेकपर्यंत खाली बसलं. ‘बेल्कनॅप’वरचे ७ आणि ‘केनेडी’वरचा १ खलाशी गेला. तिला फिलाडेल्फियाच्या यार्डात नेऊन वरचा सगळा भाग नव्याने बांधून १९८० मधे परत सेवेत घेतलं. पुढे अमेरिकेच्या ‘आर्ली बर्क’ वर्गातल्या विनाशिकांचं सुपरस्ट्रक्चर पोलादी झालं त्याचं श्रेय काहीजण फॉकलंडला देतात, काही ‘बेल्कनॅप’ला, जळालेलं जहाज अमेरिकनांचं स्वतःचं होतं हे पाहता दुसरं जास्त संभवतं. आपल्याकडे ‘किल्तान’ (२०१७) आणि ‘कवरत्ती’ या युद्धनौकांना कार्बन फायबरचं सुपरस्ट्रक्चर आहे, आगीचा प्रश्न तिथे आणखी वेगळा होतो.

दुरुस्तीची सुरुवात आग विझल्या विझल्या होते. प्लास्टिकच्या केबल जळून निघणाऱ्या धुरात आम्ल असतं आणि आग विझवायला बहुतेक समुद्राचंच पाणी वापरलेलं असतं, त्यामुळे जी यंत्रं जळाली नाहीत तीसुद्धा गोड्या पाण्याने धुऊन, सुकवून, तेल लावून ठेवली नाहीत तर काही दिवसांत गंजून जातात. मग पोलादाची तपासणी. पाणबुडीचा प्रेशर हल (पाण्याचा दाब सोसणारं आतलं कवच) किंवा आधुनिक युद्धनौकेचा ढाचा उष्णता-प्रक्रिया केलेल्या पोलादाचा असतो, त्या प्रक्रियेतल्या तापमानापेक्षा आग वर गेली असेल तर प्लेट दिसायला सरळ राहते पण कारखान्यात दिलेली ताकद गेलेली असते. म्हणून जागोजागी हार्डनेस टेस्ट, पृष्ठभागाची सूक्ष्मरचना बघणं, आणि रंग कुठे नुसता काळा पडलाय, कुठे फुगलाय, कुठे पूर्ण उडालाय यावरून तापमानाचा नकाशा काढणं. वाकलेली प्लेट सोपी, ती कापून बदलता येते. न वाकलेली पण तापलेली प्लेट हीच डोकेदुखी.

अंदाजपत्रक वाढत जातं ते याच टप्प्यावर. २३ मे २०१२ ला मेन राज्यातल्या किटरी इथल्या पोर्ट्समथ नेव्हल शिपयार्डमधे ‘मायामी’ या अणुपाणबुडीला ड्राय डॉकमधे आग लागली. आधी व्हॅक्यूम क्लीनरवर ठपका आला, नंतर एका रंगकामगाराने घरी लवकर जायला मिळावं म्हणून चिंध्या पेटवल्याचं उघड झालं आणि त्याला १७ वर्षांची शिक्षा झाली. दुरुस्ती आधी सुमारे ४५ कोटी डॉलरची धरली होती, तपासणीत पाइप आणि इतर भागांना तडे सापडल्यावर अंदाज ७० कोटींच्या घरात गेला आणि नौदलाने नाद सोडला. ‘बोनोम रिचर्ड’च्या बाबतीत २५० ते ३२० कोटी डॉलर आणि ५ ते ७ वर्षं असा हिशोब निघाल्यावर ती एप्रिल २०२१ मधे सेवेतून काढली.

याउलट फ्रान्सची ‘पेर्ल’. १२ जून २०२० ला तूलाँच्या ड्राय डॉकमधे या अणुपाणबुडीचा पुढचा भाग सुमारे १४ तास जळला. अणुइंधन आणि शस्त्रं आधीच उतरवलेली होती, मागचा भाग शाबूत होता. तिच्याच वर्गातली ‘साफिर’ २०१९ मधे निवृत्त होऊन शेरबूरला पडून होती. मग ‘पेर्ल’ला जहाजावर चढवून शेरबूरला नेलं, २०२१ मधे दोन्ही पाणबुड्या कापल्या आणि ‘साफिर’चा पुढचा भाग ‘पेर्ल’च्या मागच्या भागाला वेल्ड केला. दोन्हींच्या आतली केबल आणि पाइपची मांडणी वर्षानुवर्षांच्या बदलांनी तंतोतंत सारखी राहिली नव्हती म्हणून जोडाला जागा हवी होती, त्यात पाणबुडी सुमारे १.४ मीटर लांब झाली. २०२३ मधे ती परत कामाला लागली. हे जमलं ते सुटा अर्धा भाग हाताशी होता म्हणून, याला दुरुस्तीची पद्धत म्हणणं जरा घाईचं होईल.

भारतीय पाणबुड्यांत ‘सिंधुरक्षक’ची गोष्ट दोनदा या विषयात येते. फेब्रुवारी २०१० मधे विशाखापट्टणमला तिच्या बॅटरी कंपार्टमेंटमधे हायड्रोजनमुळे आग लागून एक खलाशी गेला. मग रशियात सेवेरोद्विन्स्कला मोठं रिफिट झालं, २०१३ मधे ती मुंबईला परतली, आणि १४ ऑगस्ट २०१३ ला मध्यरात्रीनंतर डॉकयार्डमधेच आग आणि स्फोट होऊन १८ जणांसह बुडाली. पहिली आग बॅटरीची आणि दुसरी पुढच्या शस्त्रांच्या भागातली, त्यामुळे ‘रिफिट नीट झालं नाही’ हा लोकप्रिय निष्कर्ष लगेच निघत नाही. २०१४ मधे तिला वर काढलं, दुरुस्ती शक्यच नव्हती, पुढे खोल समुद्रात बुडवली. त्याआधी फेब्रुवारी २०१४ मधे ‘सिंधुरत्न’वर मुंबईजवळ समुद्रात धुराने दोन अधिकारी गेले आणि नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला.

बांधणीत असलेल्या जहाजांनाही हेच धोके लागू होतात. माझगाव डॉकमधे २१ जून २०१९ ला ‘विशाखापट्टणम’ या विनाशिकेवर काम चालू असताना आग लागून एका कंत्राटी कामगाराचा मृत्यू झाला. ते जहाज नोव्हेंबर २०२१ मधे नौदलात दाखल झालं.