खिडकी बारा वर्षांनी उघडते

नाशिकमध्ये एखादा पूल किंवा रिंगरोड कधी होणार असं विचारलं, की जुनी माणसं म्हणतात, "सिंहस्थात होईल." यात टिंगल आहेच, पण राज्यशास्त्रातला एक गाजलेला सिद्धांतही आहे.

सरकारपुढे प्रश्न हजार, मंत्र्याचा दिवस मात्र चोवीस तासांचाच. अमेरिकी अभ्यासक जॉन किंगडन यांनी १९८४मध्ये मांडलं, की प्रश्न मोठा असून भागत नाही. प्रश्न, तोडगा आणि राजकीय हवा असे तीन प्रवाह वेगवेगळे वाहत असतात. ते एकत्र आले की 'धोरणाची खिडकी' उघडते आणि लवकरच मिटतेही. गंमत अशी, की तोडगा पुष्कळदा आधीच फायलीत तयार असतो, शोभेलसा प्रश्न कधी येतो याची वाट बघत. काही खिडक्या अवचित उघडतात, अपघात किंवा साथ आली की. काहींची वेळ ठरलेली असते, जशी अर्थसंकल्पाची. नाशिकची तर पंचांगातच असते: २००३, २०१५, आता २०२७.

ज्यांचा प्रश्न पंचांगात नाही, त्यांनी काय करायचं? वनहक्क कायदा झाला २००६मध्ये. तरी आदिवासींचे जमिनीचे दावे वर्षानुवर्षं पडून राहिले. ६ मार्च २०१८ला हजारो शेतकरी नाशिकहून पायी मुंबईला निघाले. अंतर सुमारे १८० किलोमीटर. दहावीच्या मुलांची परीक्षा चुकू नये म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीच चालून संपवला. रक्ताळलेल्या तळव्यांचे फोटो देशभर गेले, आणि १२ मार्चला सरकारने लेखी आश्वासन दिलं. दावे तेच होते. आता ते मुंबईकरांच्या दारात उभे होते, एवढाच फरक. (आश्वासनाची अंमलबजावणी हा वेगळा विषय, आणि तिथे फोटो काढायला कोणी नसतं.)

फोटोइतकीच ताकद आकड्यातही असते. फक्त तो कोणाच्या बाजूने मोजला जातो ते बघावं लागतं. कांदा महागला की महागाईच्या मासिक आकड्यात उमटतो आणि दिल्लीला जाग येते. डिसेंबर २०२३मध्ये तर थेट निर्यातबंदी आली. लासलगावात भाव कोसळतो तेव्हाही तोच आकडा हलतो, पण 'महागाई आटोक्यात' अशी बातमी होऊन.