ओवा आणि पानओवा

शेजारच्या काकूंनी दोन वर्षं वाट पाहिली. कुंडीतला ‘ओवा’ हातभर वाढला, पान चुरडलं की वासही अगदी तोच, पण दाणे काही धरेनात. ते धरणारही नव्हते, कारण तो ओवा नाहीच, तो पानओवा.

डब्यातला ओवा धने-जिरे-बडीशेपेच्या कुळातला. थंडीच्या हंगामात पेरतात, छत्रीसारखे पांढरे फुलोरे येतात, दाणे पिकले की रोप संपलं. पीक मुख्यतः राजस्थान-गुजरातेतलं. पानं शेपूसारखी बारीक. पानओवा तुळस-पुदिन्याच्या कुळातला. जाड, लवदार, कातरल्या कडेची रसाळ पानं. फांदी खोचली की लागतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. वास जुळतो तो थायमॉल आणि त्याच्या सख्ख्या भावासारख्या कार्व्हाक्रॉल या सुगंधी द्रव्यांमुळे. दोघांत अणू तेवढेच, फक्त मांडणी निराळी.

स्वयंपाकात मात्र एकाच्या जागी दुसरा घालू नका. दाणा कोरडा, तेलात तडतडून खुलतो. पातोडीत, पुरीत, शेवेत तोच हवा. पानात पाणी भरलेलं असतं. ते कच्चं वाटावं किंवा झटकन तळावं, फार शिजवलं की कडवट चव तेवढी उरते. आमच्याकडे पावसात भजे होतात ते पानाचेच. पानं धुऊन फडक्यानं पूर्ण कोरडी करायची, देठ ठेवायचं म्हणजे बुडवायला सोपं जातं, आणि बेसन नेहमीपेक्षा घट्ट भिजवायचं. ओलं पान पातळ पिठात घातलं की पीठ सुटतं, तेल उडतं. त्या पिठात पुन्हा ओवा टाकू नये. पान स्वतःच बोलतं. चटणीला चार पानं, मूठभर सांबार म्हणजे कोथिंबीर, हिरवी मिरची आणि दही. पानं याहून जास्त झाली तर जीभ चुरचुरते.

पानं खुडताना खालची जून पानं ओरबाडू नका. शेंड्याची दोन-तीन पेरं कापा, तिथून दोन फांद्या फुटतात आणि झाड भरतं.

साठवणीत तर दोघांचा काहीच मेळ नाही. ओवा कोरड्या डब्यात महिनोन्‌महिने राहतो. पानओव्याचं रसाळ पान वाळायला वेळ घेतं, पावसाळ्यात तर आधी बुरशी धरते. मे महिन्याच्या कोरड्या हवेत ते सावलीत वाळतं खरं, पण ताज्या पानाची धार त्यात राहत नाही. मी थोडं मीठ आणि तेल घालून वाटते आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते. एक खडा वरणात शेवटी, गॅस बंद करून टाकते.

नागपूरच्या उन्हात पारा 45 च्या आसपास गेला की पानं करपून आकसतात. कुंडी हिरव्या जाळीखाली ओढा, पाणी बेतानं घाला. मुळाशी साचलं तर झाड कुजतं. एखादी फांदी वेगळ्या कुंडीत लावून सावलीत ठेवाच. मोठं झाड गेलं तरी मृगाच्या पावसात ती लगेच धरते. काकूंना यंदा मी तशीच एक दिली, आणि सोबत दाण्यांसाठी ओव्याची पुडी.