पुढाऱ्याची भूमिका आणि मतदाराची बाकी

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत वंचित बहुजन आघाडीने रावेरमधून शमिभा पाटील यांना उमेदवारी दिली. उमेदवार तृतीयपंथी आहे म्हटल्यावर आमच्याकडच्या चहाच्या टपऱ्यांवर दोन ठाम मतं ऐकू यायची. एक, असल्या विषयाला हात लावला की पक्षाची मतं जातात. दुसरं, आपल्याकडे या विषयावर कोणी मत देतच नाही, केळीचा भाव आणि पीकविमा यावर बोला. ज्या विषयावर कोणी मत देतच नाही, त्याने मतं जातील तरी कशी? पण गंमत म्हणजे बऱ्याचदा ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडून, एकाच कपाच्या आत निघायची.

पुढे जाण्याआधी एक फरक. तृतीयपंथी असणं हा स्वतःच्या लिंगओळखीचा प्रश्न आहे; समलिंगी असणं म्हणजे आकर्षण कोणाबद्दल वाटतं हा. कायद्याच्या वाटाही वेगळ्या आहेत. तृतीयपंथीयांची ओळख सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये मान्य केली. समलिंगी संबंध मात्र भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ खाली गुन्हा होते, ते ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत. हा लेख दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे: समलिंगी हक्कांबाबत पुढाऱ्याने आजवर जे केलं किंवा केलं नाही, त्याने मतदाराची निष्ठा हलते का?

निष्ठा म्हणजे काय हे खान्देशाला शिकवायला नको. नंदुरबारने माणिकराव गावितांना सलग ९ वेळा लोकसभेत पाठवलं, आणि २०१४ मध्ये त्याच मतदारसंघाने हीना गावितांना निवडून दिलं. मुक्ताईनगरचे एकनाथ खडसे २०२० मध्ये भाजप सोडून राष्ट्रवादीत गेले. सूनबाई रक्षा खडसे भाजपतच राहिल्या आणि २०२४ ला रावेरमधून पुन्हा खासदार झाल्या. साक्रीकडे विचारलं तर कारण चार शब्दांत मिळतं: ‘तो आपला माणूस शे.’ राज्यशास्त्राला हे चार शब्द समजायला बरीच वर्षं लागली.

१९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी मांडलं की पक्षनिष्ठा घरातून येते, जवळजवळ धर्मासारखी, आणि धोरणांचा तिच्याशी फार संबंध नसतो. १९८१ मध्ये मॉरिस फिओरिना यांनी वेगळा विचार मांडला: निष्ठा म्हणजे चालती बाकी. कापूस घालणारा शेतकरी अडत्याबरोबरचा हिशेब डोक्यात ठेवतो तसा मतदार पुढाऱ्याचा ठेवतो. मागची बाकी पुढे ओढायची, नवी नोंद मिळवायची, नवी बाकी काढायची. सगळ्या जुन्या पावत्या आठवत नाहीत, आठवायची गरजही नसते. बाकी तेवढी लक्षात राहते. मला हा विचार विलक्षण आवडतो, कारण तो थेट गणितात मांडता येतो. कागद-पेन्सिल घ्या.

नवी बाकी = जुनी बाकी + वाटा × (नवी नोंद − जुनी बाकी).

यातला ‘वाटा’ म्हणजे नव्या नोंदीच्या वजनाला जुन्या-नव्या सगळ्या नोंदींच्या एकूण वजनाने भागून येणारा अपूर्णांक. समजा एका पुढाऱ्याबद्दल आजोबा आणि नातू दोघांचीही बाकी अधिक ६ आहे, उणे १० ते अधिक १० च्या मोजपट्टीवर. आजोबांची बाकी ३० नोंदींतून जमली आहे: पाटचारी, मुलाची बदली, दुष्काळातला टँकर, मयतीला येऊन बसणं. नातवाची फक्त एका नोंदीतून. आता पुढाऱ्याने भर सभेत समलिंगी लोकांची टिंगल केली आणि ती दोघांनाही सारखीच खटकली, उणे ८ एवढी. आकडे अर्थातच समजण्यापुरते. आजोबांचा वाटा १/३१, म्हणजे बाकी ६ वरून ५.५५. नातवाचा वाटा १/२, म्हणजे बाकी ६ वरून थेट उणे १. राग सारखा, बातमी तीच. एक निष्ठावंत राहिला, एक गेला. ‘तरुण पोरं फार हळवी झालीत’ असं म्हणायची काही गरज उरत नाही. त्यांचं खातं नवीन आहे, एवढंच.

अजून एक चक्र फिरवू. वर प्रत्येक नोंदीचं वजन १ धरलं, पण माणसागणिक ते बदलतं. ज्या नातवाला या विषयाशी देणंघेणं नाही त्याच्यासाठी नोंदीचं वजन ०.१ धरा: बाकी ६ वरून ४.७३, म्हणजे नाराजी असली तरी मत जागच्या जागी. जो नातू स्वतः समलिंगी आहे त्याच्यासाठी वजन ५ धरा: बाकी उणे ५.६७. आता ३० नोंदींचं जुनं खातं असलेला समलिंगी मतदार घ्या. वजन ५ असूनही तो ६ वरून ४ वरच येतो. दुखावतो, पण जात नाही.

हे नुसतं कागदावरचं नाही. २००४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी समलिंगी विवाह रोखणाऱ्या घटनादुरुस्तीला जाहीर पाठिंबा दिला. २००० च्या मतदानोत्तर पाहणीत स्वतःला समलिंगी सांगणाऱ्या मतदारांपैकी सुमारे २५ टक्क्यांनी बुश यांना मत दिलं होतं; २००४ मध्ये ते प्रमाण २३ टक्के होतं. पाहणीतला हा गट लहान असतो, तेव्हा दोन टक्क्यांचा फरक म्हणजे जवळजवळ काहीच नाही. जे हलणार होते ते आधीच हलले होते, जे राहिले त्यांची खाती इतर नोंदींनी भरलेली होती.

वजनाचा सगळ्यात सुंदर दाखला तैवानचा. नोव्हेंबर २०१८ च्या सार्वमतात तिथल्या मतदारांनी समलिंगी विवाहाविरुद्ध मोठ्या बहुमताने कौल दिला. तरी न्यायालयाने घालून दिलेल्या मुदतीपोटी त्साई इंग-वेन यांच्या सरकारने मे २०१९ मध्ये कायदा केला. टपरीवरच्या पहिल्या मताप्रमाणे त्यांचं राजकारण तिथेच संपायला हवं होतं. जानेवारी २०२० मध्ये त्या ५७ टक्के मतं घेऊन पुन्हा अध्यक्ष झाल्या. मधल्या काळात हाँगकाँगमधली आंदोलनं पेटली होती आणि तैवानी मतदाराच्या खात्यात चीन नावाच्या नोंदीने बाकी सगळ्यांना झाकून टाकलं होतं. लोकांचं विवाहाबद्दलचं मत बदललं म्हणून हे झालं असं नाही. त्या मताचं वजन कमी पडलं.

नोंदीला अधिक चिन्ह लावायचं की उणे, हे मात्र गणित सांगत नाही. ते समजुतीवर ठरतं, आणि इथे आपल्याकडे अजून बराच अंधार आहे. मुलगा समलिंगी आहे कळल्यावर त्याला भगताकडे नेणं, उतारा करणं, नाहीतर ‘लग्न लावून द्या, सुधारेल’ म्हणून एका परक्या मुलीचंही आयुष्य त्यात ओढणं, हे प्रकार धुळ्या-जळगावात होतात आणि डिग्रीवाल्या घरांतही होतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेने समलैंगिकतेला विकारांच्या यादीतून १९७३ मध्ये काढलं, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. भारतात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे ‘बदलण्याचे’ उपचार हा डॉक्टरचा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला. जो आजार नाही त्याचं औषध विकणारा भगत असो की पाटीवर चार पदव्या लावलेला, दोघांचा धंदा एकच.

आता गणितातला अवघड भाग. वर मी नोंदीचं वजन बाहेरून ठरवलं. संख्याशास्त्रात हे वजन म्हणजे प्रमाण विचलनाच्या वर्गाचा व्यस्तांक: नोंद जितकी डळमळीत तितकं वजन कमी. म्हणून स्वस्तात केलेलं विधान हलकं आणि किंमत मोजून घेतलेली भूमिका जड. ओहायोचे रिपब्लिकन सिनेटर रॉब पोर्टमन यांनी मुलगा समलिंगी असल्याचं कळल्यानंतर २०१३ मध्ये पक्षाच्या विरोधात जाऊन समलिंगी विवाहाला पाठिंबा दिला. ती नोंद जड. पण खरा घोळ असा की मतदार हे विचलन तटस्थपणे मोजत नाही, ते तो चालू बाकी बघून ठरवतो. आवडत्या पुढाऱ्याबद्दलची वाईट बातमी त्याला ‘विरोधकांनी पसरवलेली’ वाटते, म्हणजे तिचं विचलन तो मोठं धरतो आणि वजन आपोआप घटतं. मग वजन बाकीवर अवलंबून आणि बाकी वजनावर. समीकरण स्वतःभोवती फिरू लागतं. अशा समीकरणाला बहुधा सरळ उतार नसतो, कडा असते. डेव्हिड रेडलॉस्क आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नेमकं हेच दिसलं. आवडत्या उमेदवाराबद्दल थोडी प्रतिकूल माहिती मिळाली की लोक त्याला आणखी घट्ट धरतात; माहिती साचत गेली की एका टप्प्यानंतर मात्र झपाट्याने सोडतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, निष्ठावंत एका रात्रीत फिरला.

इथवर आपण धरून चाललो की आधी भूमिका, मग निष्ठा. बाण उलटा असेल तर? मतदार आधी माणूस निवडतो आणि मग त्याची भूमिका आपली करतो, असंही होऊ शकतं. एकदाच केलेल्या सर्व्हेतून हे कधीच कळणार नाही, कारण दोन्ही प्रकारांत शेवटी मतदार आणि पुढारी सहमतच दिसतात. त्यासाठी त्याच माणसांना पुन्हा पुन्हा विचारावं लागतं. गेब्रिएल लेन्झ यांनी अशा पाहण्यांचा अभ्यास २०१२ मध्ये मांडला, तेव्हा बहुतेक वेळा बाण उलटाच निघाला. त्याच वर्षी ९ मे रोजी बराक ओबामा यांनी समलिंगी विवाहाला पाठिंबा जाहीर केला. हेच ओबामा २००८ मध्ये विवाह म्हणजे स्त्री-पुरुषांमधलाच म्हणत होते. घोषणेनंतर मेरीलँड राज्यातल्या पाहणीत कृष्णवर्णीय मतदारांचा कल विरोधाकडून पाठिंब्याकडे वळलेला दिसला, आणि नोव्हेंबरमध्ये तिथे विवाहाचा कायदा सार्वमतात ५२ टक्क्यांनी टिकला. मतदारांनी ओबामांना सोडलं नाही, जुनं मत सोडलं. उलट दिशेनेही हे होतं. गॅलप या अमेरिकन संस्थेच्या पाहणीत रिपब्लिकन मतदारांमधला पाठिंबा २०२१ मध्ये ५५ टक्के होता, २०२५ मध्ये ४१. ‘समाज पुढेच जात असतो’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा जवळ ठेवावा.

आपल्याकडे अडचण त्याच्याही आधीची आहे: खात्यात लिहायला नोंदच नसते. अमेरिकेत महत्त्वाच्या विधेयकांवर प्रत्येक खासदाराने कसं मत दिलं हे बहुधा नावानिशी निघतं, आणि संघटना त्यावरून शंभरपैकी गुण देतात. आपल्याकडे बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने होतात आणि १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून व्हिपच्या, म्हणजे पक्षादेशाच्या, पुढे खासदाराचं स्वतःचं असं मत उरत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये शशी थरूर यांनी कलम ३७७ बदलण्याचं खासगी विधेयक मांडू दिलं जावं म्हणून मत मागितलं. ७१ विरुद्ध २४ ने मांडणीच नाकारली गेली. म्हणजे जेमतेम शंभर खासदार मत देण्यापुरते पुढे आले. सुप्रिया सुळे यांनी २०२२ मध्ये समलिंगी विवाहासाठी विशेष विवाह कायद्यात दुरुस्तीचं खासगी विधेयक मांडलं. काँग्रेसच्या २०२४ च्या जाहीरनाम्यात समलिंगी जोडप्यांच्या नात्याला मान्यता देण्याचा मुद्दा होता. केंद्र सरकारने २०१८ मध्ये ३७७ चा निर्णय न्यायालयावर सोडला, २०२३ मध्ये विवाहाला मात्र विरोध केला. शहाद्याच्या मतदाराने यातून आपल्या खासदाराच्या नावावर नेमकं काय लिहायचं? माझ्या मते टपरीवरच्या दुसऱ्या वाक्याचं मूळ इथे आहे. लोक या विषयावर मत देत नाहीत, कारण मत देण्याजोगं त्यांच्यापुढे कोणी काही ठेवलेलंच नाही.

पहिल्या वाक्याला मात्र आमच्याच जिल्ह्यातून उत्तर आहे. जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकमध्ये ग्रामपंचायतीच्या महिला राखीव जागेसाठी अंजली या तृतीयपंथी उमेदवाराचा अर्ज नाकारला गेला. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो मान्य करायला लावला, आणि त्या निवडूनही आल्या. एका वॉर्डावरून सिद्धांत उभा करू नये. पण गावच्या वॉर्डात उमेदवाराची प्रत्येक नोंद मतदाराच्या डोळ्यांपुढची असते, ती हलकी ठरवणं सोपं नसतं.

खान्देशात हे नीट मोजायचं तर सरळ प्रश्न विचारून भागणार नाही. ‘समलिंगी हक्कांना पाठिंबा देणाऱ्याला मत द्याल का?’ असं सासू-सुनेसमोर विचारलं की उत्तर सासू-सुनेसाठीच दिलं जातं. त्यावर संख्याशास्त्रात एक नामी युक्ती आहे. मतदारांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. एका गटाला चार साधी विधानं द्यायची: गावात दारूबंदी हवी, कापसाला हमीभाव पुरेसा आहे, वगैरे. दुसऱ्याला तीच चार आणि पाचवं हे नाजूक विधान. कोणती पटतात ते सांगायचं नाही, किती पटतात एवढाच आकडा सांगायचा. पहिल्या गटाची सरासरी २.१ आणि दुसऱ्याची २.४ आली, तर सुमारे ३० टक्क्यांना पाचवं विधान पटतं, आणि ते ३० टक्के कोण हे विचारणाऱ्यालाही कळत नाही. अमेरिकेत २०१३ मध्ये याच पद्धतीने पाहिलं तेव्हा समलिंगी लोकांविषयीचा विरोध थेट प्रश्नातल्यापेक्षा बराच जास्त निघाला होता. आमच्याकडे कोणत्या बाजूला किती झाकलेलं आहे, ते मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. या युक्तीला नमुना मोठा लागतो, थेट प्रश्नापेक्षा कितीतरी पट, आणि बाणाची दिशाही हवी असेल तर त्याच लोकांना पुढच्या निवडणुकीनंतर पुन्हा गाठावं लागतं. त्यातले बरेच तोवर ऊसतोडीला नाहीतर सुरतेला गेलेले असतात.